नानाकाकांचा ई.एस.आर.

आधीच सांगून ठेवते, हा लेख जेवता जेवता वाचू नका. यात रक्त आहे, आतडी आहेत आणि पुढे शौचाचा नमुनाही आहे. मग फोन करून "काय गं हे लिहिलंस" म्हणायचं नाही. :)

नात्यातल्या मंडळींना नानाकाका माहीत आहेतच. इतरांसाठी सांगते. नानाकाका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. महालात राहायचे, एका शाळेत गणित शिकवायचे, आणि लग्न केलं नाही. 'केलं नाही' हे आपलं म्हणायचं म्हणून. ठरलेलं लग्न मोडलं होतं, कारण १९७८ साली त्यांना 'पोटाचा टीबी' निघाला. त्यानंतर घरात त्यांचं ताट वेगळं, पेला वेगळा. आजी म्हणायची, "त्याच्या पोटात क्षय आहे म्हणतेत, तुम्ही पोट्टे लांब राहा." १९९१ साली ते गेले. आम्हा भावंडांच्या आठवणीत नानाकाका म्हणजे दाराशी आरामखुर्ची, हातात ताकाचा पेला, आणि मधूनच पोट धरून वाकलेला एक फार सडपातळ माणूस.

त्यांची औषधपाण्याची फाइल आता माझ्याकडे आहे. दीड वर्षाच्या कागदांत सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट लिहिलेली आहे: ई.एस.आर. ६२. मग ५५. मग ७०. मग ४८, आणि परत ६६. पुरुषाच्या रक्तात हा आकडा साधारण पंधराच्या आत असावा लागतो. घरात सगळ्यांना हे आकडे पाठ असायचे, क्रिकेटच्या धावसंख्येसारखे. "या वेळी अठ्ठेचाळीस आला" म्हटलं की आजी देवापुढे साखर ठेवायची.

बी.एस्सी. झाल्यावर मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दीड वर्ष काम केलं. त्यामुळे हा आकडा कसा निघतो ते हातानं केलेलं आहे. चार भाग रक्त, एक भाग सायट्रेट, म्हणजे रक्त गोठत नाही. ते एका उभ्या, बारीक काचेच्या नळीत दोनशेच्या खुणेपर्यंत भरायचं, नळी स्टँडला अगदी सरळ उभी करायची, आणि तासभर हात लावायचा नाही. तासाभरानं बघायचं की तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या. वर पिवळसर पाणी, खाली लाल. बस्. एवढीच चाचणी. लागतं काय, तर एक नळी आणि एक घड्याळ. म्हणून तर ती मेडिकलपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे पोचली.

पण पेशी लवकर खाली का बसतात? इथून आपल्या विषयाला सुरुवात होते, कारण याचं उत्तर एक प्रथिन आहे. तांबड्या पेशींवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात. शरीरात कुठे दाह असला की यकृत फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवतं. ते पेशींमध्ये शिरून हे ढकलणं कमी करतं. मग पेशी एकावर एक रचल्या जातात, रुपयांच्या नाण्यांची चळत असते ना, अगदी तशा. चळत जड, म्हणून भराभर बुडते. म्हणजे नळीत आपण बघतो पेशी, पण मोजत असतो प्रथिन.

एडमंड बिएर्नात्स्की नावाच्या पोलिश डॉक्टरांनी हे १८९७ साली ओळखलं होतं. त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे १९१८ मध्ये स्वीडनच्या रॉबिन फोरेउस यांना दिसलं की गरोदर बायकांचं रक्त लवकर खाली बसतं, आणि त्यांच्या मनात आलं की ही गरोदरपणाची चाचणी होईल का! ते काही जमलं नाही, कारण कितीतरी आजारांत तेच होत होतं. या फोरेउसांची आणखी एक कल्पना मला फार आवडते. जुन्या ग्रीक वैद्यांनी शरीरात चार रस मानले, ते म्हणे भांड्यात काढून ठेवलेल्या रक्ताचे थर बघूनच मानले असतील: तळाशी काळपट, मग लाल, मग पांढुरका, वर पिवळा. आपल्या वात-पित्त-कफाचं मूळ कुठे असेल यावर एखाद्या वैद्यानं लिहावं. मी त्या भानगडीत पडत नाही.

आणि मग आले आल्फ वेस्टरग्रेन. आमच्या लॅबमधल्या नळीला आम्ही 'वेस्टरग्रेन' म्हणायचो, ते यांच्या नावावरून. त्यांनी १९२१ साली ही चाचणी पद्धतशीर मांडली ती कुणाच्या रक्तावर? फुफ्फुसाच्या क्षयाच्या रोग्यांच्या! म्हणजे ई.एस.आर. आणि टीबी यांची जोडी चाचणीच्या बालपणापासूनची. आपल्याकडे ती इतकी घट्ट झाली की एका पिढीला 'ई.एस.आर. वाढला' म्हणजेच 'टीबी' असं वाटायचं. आजीलाही तसंच वाटायचं, आणि त्यात तिचा काय दोष? चाचणी मात्र असं काही म्हणत नाही. ती म्हणते, कुठेतरी आग लागली आहे. कुठे, कुणी लावली, हे तिला माहीतच नाही.

नानाकाकांच्या पोटात आग होती हे नक्की. प्रश्न होता कसली.

त्यांच्या बेरियमच्या फोटोत एक जागा आकसलेली दिसली, लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे. टीबीला ही जागा फार प्रिय. अडचण अशी की आणखी एका आजारालाही नेमकी हीच जागा प्रिय आहे. ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅलझिएल यांनी १९१३ मध्ये असे काही रोगी नोंदवले, ज्यांची आतडी टीबीसारखी सुजली होती पण टीबीचे जंतू सापडत नव्हते. त्यांना गुरांच्या 'जोने' नावाच्या रोगाची आठवण झाली. पुढे १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ऑपेनहायमर यांनी १४ रोगी मांडून सांगितलं की हा टीबी नव्हे, हा वेगळाच आजार आहे. नावं इंग्रजी वर्णक्रमानं छापली गेली, क्रोन पहिले आले, आणि आजार क्रोन यांच्या नावाचा झाला. त्या रोग्यांची ऑपरेशनं करणारे सर्जन बर्ग यांनी लेखावर नाव घालायला नकार दिला होता म्हणे. घातलं असतं तर आज लोकांना 'बर्ग' झाला असता.

म्हणजे क्रोन्सचा जन्मच 'हा टीबी नाही' या वाक्यातून झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये ते म्हणणं सोपं होतं. नागपुरात नव्हतं. आपल्याकडे टीबी इतका, की आजही जगातले साधारण चौथा हिस्सा रोगी भारतातले आहेत. क्रोन्स आणि त्याचा भाऊ अल्सरेटिव्ह कोलायटिस (या दोघांना मिळून 'आयबीडी' म्हणतात, आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) हे आपल्याकडे गोऱ्यांचे आजार समजले जायचे. दिल्लीच्या एम्समधल्या टंडन आणि प्रकाश यांनी १९७२ मध्येच आतड्याचा टीबी आणि क्रोन्स सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे कसे ओळखावेत यावर लेख लिहिला होता, म्हणजे जाणकारांना शंका होतीच. पण शंका तालुक्यापर्यंत, वॉर्डापर्यंत पोचायला वेळ लागतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस आपल्याकडे दुर्मीळ नाही हे आकड्यांनी दिसलं ते बरंच नंतर. पंजाबातली प्रत्यक्ष पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली, त्यात लाखामागे ४४ रोगी निघाले.

तेव्हा १९७८ मध्ये नानाकाकांच्या डॉक्टरांनी टीबी धरला, यात मला काही गैर वाटत नाही. तापाची कसर, वजन उतरलेलं, आकसलेलं आतडं, ई.एस.आर. बासष्ट, आणि माणूस नागपूरचा. मी त्यांच्या जागी असते तर तेच लिहिलं असतं. मग दीड वर्ष औषधं, सुरुवातीला रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. बाबा सायकलवर डबलसीट घेऊन जायचे.

आता दुसऱ्या प्रथिनाकडे. याची गोष्ट ई.एस.आर.पेक्षा रंगतदार आहे. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघं न्यूमोनियाच्या रोग्यांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूचे वेगवेगळे अंश त्यांनी काढले होते, त्यातल्या एकाला नाव होतं 'सी'. रोग्याच्या रक्तद्रवात हा 'सी' टाकला की गढूळ साका तयार व्हायचा. माणूस बरा झाला की व्हायचा नाही. म्हणजे आजारपणात रक्तात काहीतरी येतं आणि नंतर निघून जातं. ते काहीतरी म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, आपलं सीआरपी. कोविडच्या दोन वर्षांत तर हे नाव घरोघरी झालं. ही प्रयोगशाळा ऑस्वाल्ड एव्हरी यांची. याच एव्हरींनी मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांच्याबरोबर १९४४ साली आनुवंशिकतेचा पदार्थ डीएनए आहे हे दाखवलं. मॅक्लाउड-एव्हरी जोडीनं सीआरपीवर काम केलं आणि मॅकार्टींनी पुढे त्याचे स्फटिक मिळवले. एका प्रयोगशाळेच्या नशिबात किती असावं!

सीआरपी यकृतात तयार होतं, दाह सुरू झाला की काही तासांत चढतं, आणि दाह थांबला की लवकर उतरतं. रक्तातलं निम्मं संपायला साधारण १९ तास लागतात. ई.एस.आर. उतरायला आठवडे घेतो. शिवाय माणसाला नुसता रक्तक्षय असला तरी ई.एस.आर. वाढतो. म्हणून सीआरपी जास्त भरवशाचा साक्षीदार. आमच्या लॅबमध्ये तो काळ्या काचपट्टीवर बघायचो: रक्तद्रवाचा एक थेंब, दुधासारख्या लॅटेक्सचा एक थेंब, काडीनं मिसळायचं आणि पट्टी हलवत राहायचं. दही फाटल्यासारख्या गुठळ्या आल्या की 'पॉझिटिव्ह'. आकडा नाहीच, हो किंवा नाही. आता यंत्र दशांशापर्यंत आकडा देतं.

आयबीडीत सीआरपीची एक गंमत आहे. क्रोन्समध्ये तो चांगला चढतो, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये बऱ्याचदा फारसा चढत नाही. काही माणसांचं यकृत मुळातच कंजूष, आतडं पेटलं तरी सीआरपी जेमतेम. आणि टीबीतही तो चढतोच. म्हणजे साक्षीदार चपळ मिळाला, पण चोर कोण, हे त्यालाही सांगता येत नाही.

इथे विदर्भ गोष्टीत येतो, आणि उलट बाजूनं येतो. आग किती आहे हे मोजण्याऐवजी आग लावणाऱ्याचंच प्रथिन पकडू, असं काही लोकांनी ठरवलं. नागपूरहून तासा-दीड तासावर सेवाग्राम. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं वैद्यकीय महाविद्यालय) डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी टीबीचे जंतू वाढवून त्या पाण्यात ते कोणती प्रथिनं सोडतात ते वेगळं केलं. त्यातलं एक ३१ किलोडाल्टन वजनाचं. त्याला नाव दिलं 'ई.एस.-३१', आणि त्यावर बेतलेल्या चाचणीला 'सेवा टीबी एलायझा'. नागपुरात बजाजनगरला डॉ. टावरींची सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, म्हणजे आपलं 'सिम्स'. तिथल्या जीवरसायन प्रयोगशाळेत डॉ. दागिनावाला, डॉ. कश्यप आणि सहकारी मेंदूच्या टीबीमागे लागले होते. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात ३० किलोडाल्टनचं एक प्रथिन सापडलं, त्याचा माग काढत ते टीबीच्या जंतूच्या 'अँटिजेन ८५' या प्रथिनसमूहापर्यंत गेले. आणि २०१० मध्ये त्याच प्रयोगशाळेनं पोटाच्या टीबीत साचणाऱ्या पाण्यातल्या अशा खुणांवर एक प्राथमिक अभ्यास छापला. पोटाचा टीबी, प्रथिनांच्या खुणा, आणि पत्ता बजाजनगर! ते वाचताना मला एकदम नानाकाकांची आरामखुर्ची आठवली. महालापासून ते ठिकाण ऑटोनं वीस मिनिटांवर असेल.

पण हा मार्गही सरळ नव्हता, आणि ते सांगितलं पाहिजे. याच काळात बाजारात रक्तातून टीबी ओळखण्याच्या भलभलत्या चाचण्या विकल्या जात होत्या. (वर लिहिलेल्या संशोधनाविषयी मी बोलत नाहीये, दुकानदारीविषयी बोलतेय.) त्या टीबीच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधायच्या. आता आपल्या देशात कितीतरी धडधाकट माणसांनी टीबीचा जंतू कधी ना कधी पाहिलेला असतो. त्यामुळे निरोगी माणूस 'पॉझिटिव्ह' आणि खरा रोगी 'निगेटिव्ह' असा गोंधळ. शेवटी २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं की या विकाऊ चाचण्या वापरू नका. वर्षाला अशा दहा लाखांवर चाचण्या होत होत्या असं त्यांनीच नोंदवलं. जून २०१२ मध्ये भारत सरकारनं त्यांची आयात, निर्मिती, विक्री आणि वापर बंद केला. माझ्या मते हा आपल्या आरोग्य खात्याचा फार चांगला निर्णय होता, आणि त्याचं पुरेसं कौतुक झालं नाही.

आता शौचाचा नमुना. (जेवण झालं ना?)

ऑस्लोमध्ये माग्ने फागरहोल आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये पांढऱ्या पेशींतून एक प्रथिन वेगळं केलं. पांढऱ्या पेशींतल्या 'न्यूट्रोफिल' नावाच्या शिपाई पेशींमध्ये ते ठासून भरलेलं असतं, पेशीच्या रसातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त हेच. सुरुवातीला त्याला नुसतं 'एल-१' म्हणायचे. हे प्रथिन कॅल्शियमला धरतं आणि जंतूंची वाढ रोखतं असं दिसल्यावर १९९० मध्ये त्याला कॅलप्रोटेक्टिन असं बारसं झालं. जंतूंना जगायला लागणारं जस्त आणि मँगनीज ते स्वतःकडे ओढून घेतं, म्हणजे शत्रूची रसदच तोडतं. शिवरायांच्या मुलखातल्या वाचकांना हा डाव समजावून सांगायला नको. ह. घ्या.

१९९२ साली रोसेथ आणि फागरहोल यांच्या गटानं ते शौचात मोजून दाखवलं. कल्पना साधीच. आतड्याच्या भिंतीत दाह असेल तर शिपाई पेशी तिथे धावतात, काही भिंत ओलांडून आत पडतात, मरतात, आणि त्यांच्यातलं कॅलप्रोटेक्टिन शौचावाटे बाहेर येतं. रक्तातला ई.एस.आर. सुजलेल्या गुडघ्यानंही वाढेल. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन मात्र आतड्यातलीच बातमी आणतं. आणि हे प्रथिन चिवट आहे. साध्या तापमानाला कितीतरी दिवस टिकतं, म्हणून डबी घरून नेता येते, लॅब लांब असली तरी चालतं. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर दाह नसण्याची शक्यता मोठी. पोट वारंवार बिघडणाऱ्या ज्या माणसांना नुसता 'आयबीएस' असतो, म्हणजे आतडं चिडकं पण सुजलेलं नाही, त्यांची यामुळे कोलोनोस्कोपी वाचते. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०१३ मध्ये याच कामासाठी ही चाचणी सुचवली. आपल्याकडे अजून ती स्वस्त नाही, पण रामदासपेठेत, धंतोलीत नमुना घेतात.

हे मला का माहीत, तर आमच्या ताईची मुलगी. (तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. "मावशी, फक्त माझं नाव नको आणि फोटो नको," एवढीच अट.) २०२२ मध्ये ती सतरा वर्षांची होती. चार महिने जुलाब, सात किलो वजन गेलेलं, आणि सगळे म्हणून राहिले की बारावीचं टेन्शन आहे. कुणी म्हणे तर्री-पोहे बंद करा. कॅलप्रोटेक्टिन आलं ८६०. टेन्शननं आठशे साठ येत नाही. ताईच्या तोंडून मी पहिल्यांदा 'बरं झालं आकडा आला' हे शब्द ऐकले, कारण त्या दिवसापासून पोरीला 'नाटकं करते' म्हणायचं लोकांनी बंद केलं. एका प्रथिनाचे उपकार म्हणायचे ते एवढे.

कोलोनोस्कोपीत व्रण दिसले, त्याच जागी, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे. आणि डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला जो १९७८ मध्ये होता. टीबी की क्रोन्स? चव्वेचाळीस वर्षांनी, तोच!

कारण कॅलप्रोटेक्टिनही चोर ओळखत नाही. हे दाखवणारा एक अभ्यास नॉर्वेच्या आणि तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी मिळून केला, २०१४ मध्ये आला. आतड्याच्या टीबीत कॅलप्रोटेक्टिन वाढलेलं, फुफ्फुसाच्या टीबीत तसं नाही. म्हणजे जागा सांगतं, कारण नाही. मुंबईच्या डॉ. दीपक अमरापूरकरांनी २००८ मध्ये क्रोन्सचे २६ आणि टीबीचे २६ रोगी शेजारी शेजारी ठेवून लक्षणं, कोलोनोस्कोपी, बायोप्सी यांची तुलना केली होती. नागपूरच्याच डॉ. श्रीकांत मुकेवार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मोठ्या आतड्याच्या टीबीचे रोगी औषधांनंतर परत दुर्बिणीनं बघून त्याचा लेख लिहिला. या सगळ्यांच्या वाचनातून मला एवढं कळलं की बायोप्सीत टीबीचा जंतू किंवा टीबीची खास खूण मिळाली तर प्रश्न सुटतो, पण बऱ्याच वेळा ती मिळतच नाही. जंतू फार थोडे असतात. भाचीच्या बायोप्सीची जीन-एक्सपर्ट चाचणी निगेटिव्ह आली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याच्या बाबतीत निगेटिव्हचा अर्थ 'नाही' असा धरता येत नाही.

चूक दोन्हीकडून महाग. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकतो. इन्फ्लिक्सिमॅबसारखी नवी औषधं (१९९८ पासूनची, तीही प्रथिनंच, टीएनएफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला गाठणारी) झोपलेल्या टीबीला उठवतात, हे २००१ मध्येच लक्षात आलं होतं. उलट, क्रोन्सला टीबी समजून महिनोन्महिने औषधं देत राहिलं तर तेवढ्या काळात आतडं आकसत जातं. एम्समधल्या २०२० च्या अभ्यासानं हेच दाखवलं. म्हणून आपल्याकडे अजूनही खूपदा औषध हीच चाचणी असते: टीबीचं औषध द्या आणि बघा.

फरक पडला आहे तो 'बघा' या शब्दात. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी टीबीचं औषध सुरू केल्यावर सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिन परत परत मोजलं. टीबी असेल तर दोन महिन्यांत आकडे खाली येतात, क्रोन्स असेल तर बहुतेक वेळा येत नाहीत. एकटा आकडा जे सांगू शकत नाही, ते आकड्यांची चाल सांगते. भाचीला दोन महिने औषध दिलं. सीआरपी होतं तिथेच. कॅलप्रोटेक्टिन नऊशेच्या वर. परत कोलोनोस्कोपी केली, व्रण तसेच. टीबीचं औषध थांबलं, क्रोन्सचं सुरू झालं. त्यालाही आता काही वर्षं झाली. मागचा आकडा १४० होता, आणि ती पुण्याला हॉस्टेलवर राहून आर्किटेक्चर करते आहे.

दोन महिने. नानाकाकांना अठरा महिने दिली होती.

आता परत ते आकडे वाचा: ६२, ५५, ७०, ४८, ६६. अठरा महिन्यांत आकडा कुठेच गेला नाही. पुढे १९८१ मध्ये आतडं बंद पडून त्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हाच्या बायोप्सीच्या कागदावर लिहिलं आहे की गाठी आहेत, पण टीबीत दिसतो तसा लोण्यासारखा कुजलेला भाग नाही, जंतू नाही. तरी घरात शब्द बदलला नाही. टीबीच राहिला, आणि ताटही वेगळंच राहिलं. (नुसता पोटाचा टीबी असला तर तो श्वासातून पसरत नाही, म्हणजे टीबी असता तरी त्या वेगळ्या ताटाचा उपयोग नव्हता.)

मी असं म्हणत नाहीये की त्यांना क्रोन्सच होता. औषधाला दाद न देणारा टीबी असतो. बरा झालेला टीबीही आतडं आकसून ठेवतो आणि मग ऑपरेशन लागतं. लोण्यासारखा भाग न दिसणं हाही पुरावा नाही. शिवाय भाची त्यांच्या पुतणीची मुलगी, इतक्या लांबच्या नात्यावरून काही ठरत नाही. अमेरिकेत सैनिकांचं जपून ठेवलेलं रक्त तपासून, क्रोन्सचं निदान व्हायच्या पाच वर्षं आधी दिसणाऱ्या ५१ खुणा सापडल्याचं २०२० मध्ये छापून आलं. त्यात प्रथिनंही होती, प्रतिपिंडंही. पण नानाकाकांच्या रक्ताचा थेंब कुणी जपून ठेवलेला नाही. आहेत ते पाच आकडे.

भाचीच्या पहिल्या तपासणीत 'घरात कुणाला काही?' या रकान्यात ताईनं सवयीनं 'काकांना पोटाचा टीबी' असं सांगितलं होतं, आणि संशयाचं पारडं टीबीकडे थोडं झुकायला त्याचाही हात असणार. मागच्या दिवाळीत तिनं बायोप्सीचा जुना कागद डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, टीबी हा शब्द खोडला आणि लिहिलं: आतड्याचा जुना विकार, निदान अनिश्चित. चुलत-आते-मावस मंडळींनो, तुम्हाला कधी कुठल्या दवाखान्यात विचारलं तर कृपा करून हेच सांगा. कागदाची झेरॉक्स हवी असेल तर कळवा, मी पाठवते.